डेक्स्टर म्हणजे उजवा, पण कोणाचा?

चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ‘ओडी’ आणि ‘ओएस’ लिहिलेलं असतं. सलाइनच्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज’, ॲलर्जीच्या गोळीच्या नावात ‘लिव्हो’, पियानोच्या नोटेशनमध्ये ‘एम. डी.’. या सगळ्यांच्या मुळाशी लॅटिनमधली दोन-तीन विशेषणं आहेत: डेक्स्टर म्हणजे उजवा, सिनिस्टर आणि लाएवुस म्हणजे डावा. अर्थ एवढाच, एका ओळीत संपणारा. घोळ त्याच्या पुढे सुरू होतो. उजवा कोणाचा? बघणाऱ्याचा, की जो समोर उभा आहे त्याचा? डोळ्यांचे डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, शंखांचे अभ्यासक, नाणी जमवणारे, सगळ्यांनी आपापलं उत्तर ठरवून टाकलंय, आणि ती उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी व्युत्पत्ती. डेक्स्टर आणि आपला ‘दक्षिण’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. ग्रीक ‘डेक्सिओस’ही तिथलाच. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, आणि पूर्वेकडे तोंड केल्यावर उजवा हात जिकडे येतो ती दिशा. म्हणूनच ‘पूर्व’मध्ये पुढचा आणि ‘पश्चिम’मध्ये मागचा हा अर्थ दडलेला आहे. कुशल हा अर्थही दोन्हीकडे आहे: संस्कृत दक्षिण म्हणजे निष्णात, आणि लॅटिन डेक्स्टर म्हणजेही हाताला वळण असलेला, चतुर.

शब्दाच्या शेवटचा ‘-टर’ मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. हा आपल्या ‘-तर’चाच भाऊबंद. दोनच गोष्टी समोर असताना ‘या दोघांपैकी हा’ असं सांगणारा प्रत्यय. संस्कृतातला ‘कतर’ (दोघांपैकी कोणता) आणि लॅटिनमधला ‘उटर’ हे तर एकच शब्द. ‘इतर’, ‘अन्यतर’, ‘उत्तर’ (उद् + तर, म्हणजे दोघांपैकी वरचा) हे त्याच साच्यातले. लॅटिनमध्ये ‘आल्टर’ म्हणजे दोघांपैकी दुसरा. तेव्हा डेक्स्टरचा नेमका अर्थ ‘दोघांपैकी उजवीकडचा’. नुसता एकटा उजवा असू शकत नाही, जोडी लागतेच.

डाव्यासाठी लॅटिनमध्ये तीन शब्द होते: सिनिस्टर, लाएवुस आणि स्काएवुस. तिसरा आता फक्त स्काएवोला या रोमन आडनावात भेटतो. दंतकथेतल्या गायुस म्यूसियुसने शत्रूच्या राजासमोर उजवा हात आगीत धरला, हात गेला, आणि तो ‘डावखुरा’ झाला. उजव्याला एक शब्द आणि डाव्याला अनेक, हे कित्येक भाषांत दिसतं, कारण डाव्याचं नाव घेणं अशुभ मानून लोक गोड पर्याय शोधत राहिले. ग्रीकांनी डाव्याला ‘अरिस्टेरॉस’ (दोघांपैकी बरा, इथेही तोच प्रत्यय) आणि ‘युओनिमॉस’ (चांगल्या नावाचा) म्हटलं. संस्कृतातल्या ‘वाम’चा एक अर्थ सुंदर आहे, दुसरा डावा आणि तिसरा प्रतिकूल. ‘सव्य’ची कथा याहून अवघड. मुळात तो डावा, म्हणूनच डाव्या हातानेही बाण सोडणारा तो सव्यसाची. पण पुढे संस्कृतातच त्याला उजवा हाही अर्थ चिकटला. जुन्या मजकुरात ‘सव्य’ दिसला की संदर्भ पाहिल्याशिवाय बाजू ठरवू नये.

सिनिस्टर म्हणजे अशुभ, असं सरसकट सांगितलं जातं. रोमन शकुनशास्त्रात ते उलट होतं. रोमन विद्वान व्हारो लिहितो की शकुन पाहण्यासाठी आखलेल्या आकाशाच्या चौकटीत डावी बाजू पूर्वेची, उजवी पश्चिमेची, पुढची दक्षिणेची आणि मागची उत्तरेची. म्हणजे पाहणारा दक्षिणेकडे तोंड करून असायचा आणि सूर्य उगवतो ती शुभ बाजू त्याच्या डाव्या हाताला यायची. ग्रीक शकुनपाठक उत्तरेकडे पाहायचा, त्याची शुभ पूर्व उजवीकडे. पूर्व तीच, माणूस फिरला की बाजू फिरली. रोमन वक्ता सिसेरोने हा फरक स्पष्ट नोंदवलाय: आम्हाला डावं चांगलं वाटतं, ग्रीकांना आणि परकीयांना उजवं. त्यात इतिहासकार लिव्ही रोमच्या नूमा राजाच्या शकुनविधीचं वर्णन करताना दक्षिणेला उजवी आणि उत्तरेला डावी म्हणतो, म्हणजे तिथे तोंड पूर्वेकडे! खुद्द रोमनांतही एकवाक्यता नव्हती. नंतर ग्रीक वाङ्मयाच्या प्रभावाखाली लॅटिन कवी सिनिस्टर हा शब्द अशुभ अर्थानेही वापरू लागले, त्यामुळे लॅटिन वाचताना एक साधा नियम उपयोगी पडतो. शकुनपाठकाच्या तोंडी डावीकडचा गडगडाट असेल तर तो बहुधा कौल आहे. रोजच्या बोलण्यातला सिनिस्टर बहुधा वाईट.

आजच्या भाषांत वाटण्या विचित्र झाल्या. इटालियनमध्ये देस्त्रा आणि सिनिस्त्रा रोजचेच शब्द, रस्ता सांगताना वापरले जाणारे. स्पॅनिशने उजव्यासाठी देरेचा घेतला, तो ‘डिरेक्टुस’ म्हणजे सरळ या शब्दावरून. डाव्यासाठी इस्किएर्दा, तो थेट स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेशी नातं सांगतो. फ्रेंच द्र्वा हाही डिरेक्टुसचाच. मग सिनिस्टर गेला कुठे? विम्याच्या कागदांत. स्पॅनिश ‘सिनिएस्त्रो’, फ्रेंच ‘सिनिस्त्र’ आणि इटालियन ‘सिनिस्त्रो’ म्हणजे विमा कंपनीला कळवायची दुर्घटना, ज्यावर दावा होतो ती घटना. पॉलिसीचं भाषांतर करताना तिथे ‘डावा’ किंवा ‘भयानक’ लिहिलं तर सगळं कलम निरर्थक होतं.

‘अँबिडेक्स्टर’ म्हणजे शब्दशः दोन्ही हात उजवे असलेला. इंग्रजी कायद्याच्या जुन्या भाषेत हाच शब्द दोन्ही पक्षांकडून पैसे खाणाऱ्या ज्युरीसाठी वापरला जायचा. एवढं पुरे; आता जिथे चूक महागात पडते तिकडे वळू.

डोळे, कान, तोंड

ओडी म्हणजे ओक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस म्हणजे ओक्युलस सिनिस्टर, डावा. ओयू म्हणजे ओक्युलस उटर्क्वे, दोहोंपैकी प्रत्येक. वरचा ‘उटर’ इथे पुन्हा आला. वैद्यकात बाजू नेहमी रुग्णाची. समोर बसलेल्या डॉक्टरांच्या डाव्या हाताला येणारा डोळा तो ओडी, आणि कागदावर तो आधी लिहितात.

चष्म्यात दोन्ही ओळींची अदलाबदल झाली तर काय होतं? नुसता गोल नंबर दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखा असेल तर कदाचित कळणारही नाही. सिलिंडर, म्हणजे ठरावीक दिशेनेच काम करणारा नंबर, असेल तर मात्र लगेच कळतं. त्या दिशेचा, म्हणजे ॲक्सिसचा, कोन डॉक्टरांच्या नजरेने मोजतात: शून्य त्यांच्या उजव्या हाताला, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने १८० पर्यंत, दोन्ही डोळ्यांसाठी एकाच पद्धतीने. त्यामुळे उजव्या डोळ्याचा शून्य नाकाकडे येतो आणि डाव्याचा कानाकडे. बाजू रुग्णाची आणि कोन डॉक्टरांचा, अशी ही मिसळ आहे. आपले डोळे बऱ्याचदा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, म्हणून दोन्ही ॲक्सिसची बेरीज पुष्कळदा १८० च्या आसपास येते: उजव्याला १५, डाव्याला १६५. ही भिंगं उलटसुलट बसली तर प्रत्येकात ३० अंशांची चूक. उरणारा दोष काढायचं सूत्र असं: सिलिंडरच्या दुप्पट गुणिले चुकलेल्या कोनाची साइन. ३० ची साइन अर्धी, म्हणजे उरलेला दोष पूर्ण सिलिंडरइतका. २.०० चा सिलिंडर घालून २.०० चाच दोष शिल्लक, फक्त त्याची दिशा बदललेली. १० अंश चुकले तरी सुमारे ३५ टक्के उरतो आणि ५ अंशांना सुमारे १७. नवा चष्मा लावल्यावर सरळ रेषा तिरक्या दिसत असतील तर नंबर पुन्हा तपासण्याआधी डावं-उजवं भिंग तपासावं, पाच मिनिटांत निकाल लागतो.

कानांसाठी एडी, एएस, एयू. यातला ए म्हणजे आउरिस, कान. घाईच्या हस्ताक्षरात ए आणि ओ एकसारखे दिसतात आणि कानाचे थेंब डोळ्यात जातात. त्यावर कडी म्हणजे ‘ओडी’ हेच अक्षर कित्येक डॉक्टर ‘दिवसातून एकदा’ या अर्थाने लिहितात. पोटात घ्यायचं पातळ औषध उजव्या डोळ्यात टाकलं गेल्याचे प्रकार या गोंधळातून झालेले आहेत. ‘पेर ओस’ म्हणजे तोंडावाटे, त्यातला ‘ओस’ म्हणजे मुख. तोही ‘ओएस’, म्हणजे डावा डोळा, असा वाचला गेलाय. अमेरिकेतली आयएसएमपी ही औषधसुरक्षेवर काम करणारी संस्था ही सगळी संक्षिप्त रूपं टाळायच्या यादीत ठेवते. ‘उजवा डोळा’ असं पूर्ण लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. लॅटिनचा हा हट्ट सोडायला हरकत नाही.

एक्स-रे आणि सीटीमध्ये रुग्ण समोर तोंड करून आहे असं धरतात, म्हणून त्याची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे. एक्स-रेवर शिशाची आर किंवा एल खूण फिल्म काढतानाच ठेवायची असते, नंतर संगणकावर चिकटवलेली खूण भरवशाची नाही. मेंदूच्या संशोधनात काही प्रणाली उजवं उजवीकडेच दाखवतात. ॲनालाइझ या जुन्या फाइल-प्रकारात दिशेची नोंद भरवशाची नसायची. निफ्टी या पुढच्या प्रकारात त्यासाठी स्वतंत्र रकाने आले. तरी खात्री हवी म्हणून एमआरआयच्या वेळी उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवायची युक्ती अजून वापरतात. ती चित्रात ठळक पांढरी उमटते.

हृदय उजवीकडे असणं म्हणजे डेक्स्ट्रोकार्डिया. सगळेच अवयव आरशात पाहिल्यासारखे उलटे असणं साधारण १०,००० मध्ये एकाला आढळतं. अशा माणसाचं अपेंडिक्स दुखतं ते डावीकडे. ईसीजीत अशा हृदयाची लीड १ (दोन्ही हातांच्या वायरींमधून मिळणारा आलेख) उलटी येते, पण तंत्रज्ञाने दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल केल्या तरीही ती उलटीच येते. फरक छातीच्या लीडमध्ये. वायरींची चूक असेल तर व्ही १ पासून व्ही ६ कडे, म्हणजे छातीच्या मधून डाव्या बाजूकडे, जाताना आर लहर (आलेखातलं वर जाणारं टोक) नेहमीसारखी वाढत जाते. हृदयच उजवीकडे असेल तर ती लहान होत जाते. वायरींची चूक कितीतरी जास्त वेळा होते, म्हणून आधी हाताच्या क्लिपा बघायच्या.

बाटलीतला उजवा

रसायनशास्त्रात डेक्स्टर आला तो प्रकाशामुळे. १८१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्योने दाखवलं की काही सेंद्रिय द्रव ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल फिरवतात. पाहणारा प्रकाशाच्या स्रोताकडे तोंड करून असताना प्रतल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरलं तर डेक्स्ट्रोरोटेटरी, उलट फिरलं तर लिव्होरोटेटरी. इथे उजवा बघणाऱ्याचा. ग्लुकोज उजवीकडे फिरवतं म्हणून डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज डावीकडे म्हणून लेव्ह्युलोज. साखरेचं विशिष्ट वलन, म्हणजे ठरावीक लांबी आणि तीव्रतेला प्रतल किती फिरतं तो आकडा, +६६.५ अंश (अधिक म्हणजे उजवीकडे, उणे म्हणजे डावीकडे). तिचे आम्लाने दोन तुकडे केले की ग्लुकोजचे +५२.७ आणि फ्रुक्टोजचे साधारण −९२ मिळून सरासरी −२० च्या आसपास येते. चिन्हच उलटलं, म्हणून त्या मिश्रणाला इन्व्हर्ट साखर म्हणतात.

मोजमाप सोपं आहे: नळीची लांबी डेसिमीटरमध्ये, द्रावणाची तीव्रता मिलिलिटरला ग्रॅममध्ये, सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि २ डेसिमीटरची नळी घेतली तर ५२.७ × २ × ०.१, म्हणजे सुमारे १०.५ अंश यायला हवेत. ताज्या द्रावणात मात्र आकडा याहून बराच मोठा येतो आणि हळूहळू उतरत जातो. कारण स्फटिकातलं ग्लुकोजचं अल्फा रूप (+११२) पाण्यात बीटाशी (+१८.७) समतोल गाठायला वेळ घेतं. काही तास थांबायचं, नाहीतर अमोनियाचा थेंब टाकायचा. दुसरी अडचण अशी की +१० आणि −१७० अंशांना हे वलन मोजणाऱ्या पोलारिमीटरची तबकडी एकाच जागी येते. द्रावण अर्ध्या तीव्रतेचं करून पुन्हा पाहावं: खरं उत्तर +१० असेल तर +५ दिसेल, −१७० असेल तर −८५.

खरा गुंता अक्षरांचा. लहान डी आणि एल हे प्रकाशाबद्दल बोलायचे. मोठे डी आणि एल रेणूच्या रचनेबद्दल बोलतात, ग्लिसराल्डिहाइड या साध्या साखरेशी तुलना करून. म्हणून मोठ्या डीचं फ्रुक्टोज प्रकाश डावीकडे फिरवतं, आणि मोठ्या एलचं लॅक्टिक आम्ल उजवीकडे. त्याच आम्लाचा सोडियम क्षार परत डावीकडे! आता फिरण्याची दिशा अधिक-उणे चिन्हांनीच लिहायची हा नियम याच वैतागातून आला. देवनागरीत तर लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही. मराठीत ‘डी-ग्लुकोज’ लिहिलं की कोणता डी ते वाचणाऱ्याने ओळखायचं, त्यामुळे मराठी लेखकाने तरी अधिक-उणे हमखास द्यावं.

ग्लिसराल्डिहाइडच्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन आकारांपैकी कोणता कोणत्या नावाचा, हे साखरांची रचना शोधणाऱ्या फिशरच्या काळी गृहीत धरलेलं होतं, पन्नास टक्के शक्यतेचा जुगारच. १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञ बेफूटने क्ष-किरणांनी रेणूची खरी ठेवण पाहिली आणि जुगार लागलेला निघाला. नाहीतर सगळी पाठ्यपुस्तकं उलटी छापावी लागली असती.

मग कान (Cahn), इंगोल्ड आणि प्रेलॉग या रसायनशास्त्रज्ञांची आर-एस पद्धत, रेणूची ठेवण थेट सांगणारी. मध्यवर्ती कार्बनला जोडलेल्या चार गटांना क्रम द्यायचा, थेट जोडलेल्या अणूचा अणुक्रमांक जास्त त्याचा मान आधी. बरोबरी झाली तर साखळीत एक पाऊल पुढे जाऊन पहिला फरक शोधायचा. सर्वांत खालच्या क्रमाचा गट डोळ्यांपासून दूर ठेवायचा. उरलेल्या तिघांवरून १, २, ३ असं बोट फिरवायचं. घड्याळाप्रमाणे फिरलं तर आर, उलट फिरलं तर एस. शेवटचा गट कागदावर आपल्याकडे आलेला असेल तर आलेलं उत्तर उलटं करायचं. परीक्षेतल्या चुका बहुतेक इथेच होतात. एस हा सिनिस्टरचा. आर हा ‘रेक्टुस’चा, आणि इथे लॅटिनचे जाणकार कुरकुर करतात ते योग्यच आहे: रेक्टुस म्हणजे सरळ, आपल्या ‘ऋजु’चा नातलग, उजवी बाजू असा अर्थ त्याला लॅटिनमध्ये नव्हता. डी आधीच अडकलेला होता म्हणून ही तडजोड. कान यांचं नाव रॉबर्ट सिडनी, आद्याक्षरं आर. एस., हा योगायोग रसायनशास्त्रातले लोक चवीने सांगतात.

आर-एस आणि प्रकाशाची दिशा यांचा काही संबंध नाही, हे औषधांच्या नावांत उघड दिसतं. लिव्होसेटिरिझीन प्रकाश डावीकडे फिरवतं, पण रेणू आर आहे. सेटिरिझीन १० मिलिग्रॅमचं, हे ५ चं, कारण सेटिरिझीन हे आरशातल्या दोन्ही रूपांचं मिश्रण, आणि त्यातला कामाचा अर्धा भागच यात आहे. एसोमेप्राझोल आणि एसिटालोप्राम यांतला सुरुवातीचा ‘एस’ सिनिस्टरचा, तरीही एसिटालोप्राम प्रकाश उजवीकडे फिरवतं. शरीरातली मोठ्या एलची अमिनो आम्लं जवळपास सगळी एस असतात. सिस्टीन मात्र आर, कारण त्यातलं गंधक क्रमात वर चढतं. आकार तोच, नाव उलटं. आणि नावातली बाजू हलक्यात घेऊ नये: डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याच्या औषधात असतं, त्याचीच आरशातली प्रतिमा लिव्होमेथॉर्फन हे तीव्र ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषध, आहे.

शंख, ढाली, नाणी

शंख किंवा गोगलगाय पाहताना टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर डेक्स्ट्रल, डाव्याला आलं तर सिनिस्ट्रल. शंख-गोगलगायींच्या वर्गातल्या दहापैकी नऊहून अधिक जाती डेक्स्ट्रल. ज्याला परंपरेने ‘दक्षिणावर्ती’ म्हणतात तो दुर्मीळ शंख मात्र प्राणिशास्त्रात सिनिस्ट्रल ठरतो. तिथे शंख टोक खाली करून धरतात, त्यामुळे तोंड उजवीकडे येतं. दोन्ही नावं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचं दुसऱ्यात भाषांतर करू नये. चित्र किंवा फोटो उलटा छापला गेला की जातच बदलते. रेम्ब्रांटने १६५० मध्ये संगमरवरी ठिपक्यांच्या शंखाचं कोरीव चित्र केलं. तांब्याच्या पत्र्यावर त्याने तो दिसला तसा कोरला, छापल्यावर तो उलटा झाला, आणि निसर्गात उजवा असलेला शंख कागदावर डावा उमटला. सही मात्र त्याने सुलटी येईल अशी कोरली होती.

युरोपातल्या कुलचिन्हांच्या ढालीवर डेक्स्टर म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी बाजू, पाहणाऱ्याची डावी. मानाची बाजू तीच, म्हणून पती-पत्नीची चिन्हं एका ढालीवर मांडताना पतीचं डेक्स्टरला येतं. ‘बार सिनिस्टर’ म्हणजे अनौरसपणाची खूण, असं कादंबऱ्यांत वाचायला मिळतं, पण बार हा आडवा पट्टा असतो. त्याला डावा-उजवा असतच नाही. पाहणाऱ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली तिरपा येतो तो बेंड सिनिस्टर, आणि त्याची तोकडी, कडांना न टेकणारी आवृत्ती म्हणजे बॅटन.

नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये मात्र ‘चेहरा उजवीकडे’ म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे. राजाचा चेहरा उजवीकडे वळलेला आणि शेजारी ढाल कोरलेली असेल, तर त्या एकाच नाण्याच्या वर्णनात चेहऱ्याचा ‘उजवा’ आपल्या नजरेचा असतो आणि ढालीचा ‘डेक्स्टर’ ढालीच्या मालकाचा.